सोसायटीच्या बागेत वाऱ्यावर फिरणारं १५ फुटी शिल्प करायचंय, जुन्या ताटांचं. खांब, पाया, बेअरिंग याबद्दल सल्ला हवा

चारकोपची_चित्रकला

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते, राहायला कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये. आमच्या सोसायटीच्या मागे बऱ्यापैकी मोकळी बाग आहे, खाडीकडून वारा थेट येतो, दुपारनंतर तर रोजच. तिथे वाऱ्यावर फिरणारं एक मोठं शिल्प कायमचं उभं करायचं खूप दिवस मनात आहे आणि आता कमिटीनेही करा म्हटलंय, म्हणून इथे विचारतेय.

कल्पना अशी की सोसायटीतल्या घराघरांतून जुनी स्टीलची ताटं गोळा करायची. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून द्यायची पद्धत होती ना, तशी ताटं प्रत्येकाच्या माळ्यावर पडून आहेत, मोडीत घालायला जीव होत नाही आणि वापरात पण नाहीत. आमच्या मजल्यावरच्या आजींनी १९७४ चं ताट काढून दिलं, त्यांच्या मामांचं नाव आहे त्यावर, आणि म्हणाल्या हे वर लाव, मला खिडकीतून दिसेल असं. तर ही ताटं पाकळ्यांसारखी तिरकी लावून दोन चाकं करायची, प्रत्येकी ६ फूट व्यासाची, एकापुढे एक, एक उजवीकडे फिरेल एक डावीकडे. चाकाचा मध्य जमिनीपासून १५ फुटांवर. मोटर अजिबात नको, फक्त वारा.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ज्योतीमागे अँथनी हाऊ यांचं ते फिरणारं प्रचंड शिल्प होतं ते बघितल्यापासून हे डोक्यात आहे. हलत्या शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन शिल्पकार कॅल्डर १९५५ ला अहमदाबादला साराभाईंकडे राहून शिल्पं करून गेला हे मी मुलांना दरवर्षी सांगते, पण सांगणं वेगळं आणि खरोखर माणसांच्या डोक्यावर लोखंड फिरवणं वेगळं, म्हणून घाई करायची नाहीये.

मदतीला मावसभाऊ आहे, ग्रिल-गेटची कामं करतो, वेल्डिंग मशीन त्याचंच. बजेट लाखभर. तो म्हणतो ४ इंची पाईपचा खांब भरपूर झाला. खरंच पुरेल का? पाया केवढा करायचा? बेअरिंग कुठलं घ्यायचं आणि पावसाळ्यात काय करायचं? मुंबईच्या हवेत कुणी असं काही केलं असेल तर नक्की लिहा.

खांब_आणि_तुळई

ताई, कल्पना फार आवडली. नावं कोरलेली ताटं वर फिरताना बघायला मी स्वतः येईन. मी स्ट्रक्चरलमध्ये आहे त्यामुळे खांबाचंच बोलतो, आणि सविस्तर बोलतो, कारण इथे चूक झाली तर ती कुणाच्या तरी डोक्यात पडते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. तुमचं शिल्प त्यामानाने अगदी लहान आहे पण वारा तोच आहे.

आयएस ८७५, म्हणजे इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, त्याच्या भाग ३ मध्ये मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १५८ किमी. एवढा वारा कधी येतो असं वाटेल, पण तौक्ते वादळात १७ मे २०२१ ला कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदवला गेला होता आणि ते वादळ मुंबईवर आलंही नव्हतं, बाजूने समुद्रातून गेलं. वाऱ्याचा दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, आपल्या भाषेत ११८ किलो. ६ फुटी चाकाचा पूर्ण गोल साधारण अडीच चौरस मीटर होतो. ताटांच्या मध्ये फटी आहेत हे मान्य, पण चाकं दोन आहेत, म्हणून मी पूर्ण गोलच धरतो आणि आकाराचा गुणांक १.२ लावतो, झालं साडेतीनशे किलो. हे साडेतीनशे किलो साडेचार मीटर उंचीवर आडवे ढकलतायत, वर खांबावरचा वारा वेगळा. जमिनीपाशी खांबाला जवळजवळ १६७५ किलो-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर येतो.

आता तुमच्या भावाचा ४ इंची पाईप. हेवी क्लासचा घेतला, बाहेरून ११४ मिमी आणि जाडी ५.४, तरी त्यात ताण येतो ३४० मेगापास्कलच्या आसपास. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, २५० ला वाकतं. म्हणजे रोजच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं छान उभा राहील आणि एका वादळी दुपारी जमिनीपाशी वाकेल. तोच पाईप ६ इंची घ्या, बाहेरून १६८ मिमी, जाडी तीच, ताण १५० वर येतो. वजन दीडपट होतं पण ताकद सव्वादोन पटीच्या वर जाते, म्हणून इथे पैसे वाचवू नका. खाली ४०० बाय ४०० ची २० मिमी बेसप्लेट, चारी बाजूंनी गसेट म्हणजे तिकोनी आधारपट्ट्या, आणि चार एम२४, म्हणजे २४ मिमीचे फाउंडेशन बोल्ट. बोल्ट काँक्रीट ओतायच्या आधी टेम्प्लेट प्लेटमध्ये बांधून घ्या, नंतर भोकं पाडून अँकर ठोकायचे हे या कामाला नको.

पाया दीड मीटर बाय दीड मीटर, खोली एक मीटर असा केला तर कोरड्या जमिनीत उलटण्याच्या विरुद्ध दुप्पट ताकद मिळते, कागदावर पास. पण चारकोपला बऱ्याच ठिकाणी भरणीची जमीन आहे आणि जुलैत एक फूट खणलं की पाणी लागतं. काँक्रीट पाण्यात बुडालं की त्याचं वजन घनमीटरला २४०० वरून १४०० वर येतं, आणि तोच पाया जेमतेम काठावर येतो, बरोबर त्याच दिवसांत जेव्हा वारा सगळ्यात जास्त असतो. म्हणून १.८ बाय १.८ करा, खोली एक मीटरच. खणायच्या आधी सोसायटीचा जुना प्लॅन काढून पाण्याची लाईन, ड्रेनेज, केबल कुठून गेलीय ते बघून घ्या. आणि हा माझा हिशोब अंदाज यावा म्हणून आहे, प्रत्यक्ष जागा आणि माती बघून लायसन्सवाल्या इंजिनिअरची सही घ्याच, कमिटीलाही ती फाईलला लागेल.

लेथवाला_नागदेवी

खांबाचं वरच्या साहेबांनी एकदम बरोबर सांगितलंय, मी फिरत्या भागाचं सांगतो.

एकच शाफ्ट ठेवा आणि तो फिरू देऊ नका, खांबाच्या डोक्यावर पक्का बसवा. दोन्ही चाकांना आपापलं हब, म्हणजे शाफ्टवर फिरणारा मधला तुंबा, आणि प्रत्येक हबमध्ये दोन बेअरिंग, एकमेकांपासून कमीत कमी चार-पाच इंच लांब, नाहीतर चाक डुलतं आणि बेअरिंग एका बाजूने खातं. २५ मिमी शाफ्टला ६२०५ टू-आरएस घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील. काही लोक सांगतील सील काढा, चाक हलकं फिरेल. नका काढू, ६ फुटी चाकाला सीलची ओढ काहीच नाही आणि चारकोपची खारी हवा उघड्या बेअरिंगला टिकू देणार नाही. नागदेवी स्ट्रीटला मशीद बंदर स्टेशनातून उतरून चालत गेलात की बेअरिंगची दुकानंच दुकानं आहेत, फक्त डुप्लिकेटपासून सांभाळा, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. दुसरा मार्ग म्हणजे कुर्ल्याला गाड्यांच्या भंगारात मारुती ८०० चं मागचं हब स्टब अ‍ॅक्सलसकट मिळतं का बघा, ते गाडीचं वजन झेलायला केलेलं असतं आणि ताटं लावायच्या प्लेटला बोल्टची भोकं तयार मिळतात. थोडं जड आहे पण मला स्वतःला ते जास्त आवडतं.

आता खरा मुद्दा, बॅलन्सिंग. लोक बेअरिंगवर पैसे घालतात आणि बॅलन्सिंग सोडून देतात, मग चाक मंद वाऱ्यात फिरतच नाही. हिशोब बघा, सेकंदाला अडीच मीटरची झुळूक असेल, म्हणजे झाडाची पानं नुसती हलतात एवढी, तर तुमच्या चाकाला फिरवणारा जोर साधारण एक न्यूटन-मीटर मिळेल. परिघावर फक्त १०० ग्रॅम एका बाजूला जास्त असले तर तेच चाकाला जवळपास तेवढ्याच जोराने खाली ओढतात, म्हणजे जड बाजू खाली घेऊन चाक बसून राहणार. आणि तेच १०० ग्रॅम जोराच्या वाऱ्यात मिनिटाला १२० फेरे झाले की दीड किलोचा झटका देतात, २४० फेऱ्यांना सहा किलोच्या जवळ, दर फेरीला, आणि तो खांब हलवत राहतो.

जुनी ताटं सगळी वेगवेगळ्या वजनाची असणार, कुणाचं साडेतीनशे ग्रॅम कुणाचं पाचशे. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक ताट मोजा, मागे मार्करने लिहा, आणि सारख्या वजनाची दोन ताटं समोरासमोर लावा. मग चाक हबवर उभं करून हाताने हळू सोडा, प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबलं पाहिजे. एकाच ठिकाणी थांबत असेल तर वरच्या बाजूला वॉशर वाढवत जा. यात आख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल, पण हे टाळू नका.

ताटांना वेल्ड करू नका, पातळ पत्रा आहे, भाजून वाकडा होईल आणि कोरलेलं नाव काळं पडेल. मागे ३ मिमीची पट्टी, दोन बोल्ट, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर आणि मोठे स्टील वॉशर, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा नट. रबराने खडखडाट पण थांबतो.

आणि संक्रांतीच्या आसपास हबवर नजर ठेवा. मांजा शाफ्टभोवती गुंडाळत जाऊन सीलमध्ये शिरतो आणि सील कापतो. दोन्ही चाकांच्या मध्ये पत्र्याचा गोल कॉलर बसवा म्हणजे मांजा बेअरिंगपर्यंत जाणार नाही.

वेसावकर

आमच्या घरी मासेमारीची बोट आहे, त्यामुळे खारं वारं लोखंडाचं काय करतं ते लहानपणापासून बघतोय. तुमचं चारकोप समुद्रावर नाही पण खाडी जवळ आहे, सवलत फार मिळणार नाही.

पहिलं, खांब रंगवून भागणार नाही. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं पाडून झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा करून घ्या, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि पीयू रंग. पण गॅल्व्हनायझिंगला देताना पाईपला दोन्ही टोकांना हवा जायची भोकं हवीतच, बंद पाईप ४५० डिग्रीच्या जस्तात बुडवला तर आतली हवा आणि ओल फुगून पाईप फुटतो, माणसं भाजतात. भावाला हे आधी सांगा, कारण ग्रिलवाले सवयीने टोकं बंद करून टाकतात.

दुसरं, ताटं. स्टील म्हणजे गंजत नाही असं नाही. दुकानात स्वस्त भांडी जी मिळतात ती बरीचशी २०० सिरीजची असतात, ती खाडीच्या हवेत एका पावसाळ्यात तांबडे ठिपके धरतात. लोहचुंबक लावून बघतात लोक, पण २०२ ला पण चिकटत नाही आणि ३०४ ला पण नाही, त्यामुळे त्यावरून कळत नाही. जुनी जड ताटं बहुतेक बरी निघतील. ठिपके आले तरी ताट लगेच सडत नाही, वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने धुवा, भांड्याच्या साबणाने, बस. बोल्ट-नट मात्र ३१६ चेच घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच पुरतं. आणि स्टीलवर काम करताना एमएस कापलेली ग्राइंडिंग डिस्क वापरू नका, लोखंडाचे कण स्टीलमध्ये बसतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. स्टीलला जिथे वेल्ड केलंय तिथे निळं-तपकिरी पडतं ते पिकलिंग पेस्टने साफ करा, हातमोजे घालून, ते अ‍ॅसिड आहे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, खांब आडवा करता येईल असा करा. आमच्याकडे डोलकाठी जशी खाली घेतात तसा, बेसप्लेटच्या एका बाजूला जाड बिजागर, दुसऱ्या बाजूचे बोल्ट काढले की चेन पुलीने हळूहळू खाली घ्यायचा. मग ग्रीस, बोल्ट तपासणं, ताट बदलणं सगळं जमिनीवर उभं राहून. नाहीतर दरवेळी परांची बांधणारे बोलवावे लागतात आणि मग कुणी बोलवतच नाही. वादळाचा इशारा आला की पण आडवा करून बांधून ठेवता येईल. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२०, आम्ही बोटी आदल्या दिवशीच ओढून घेतल्या होत्या, इशारा हल्ली दोन-तीन दिवस आधी मिळतो, तेवढा वेळ पुरतो.

चारकोपची_चित्रकला

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भावाला पाईपचा हिशोब दाखवला, तो म्हणाला ६ इंचीच घेऊ, आणि बिजागराची कल्पना तर त्याने लगेच कागदावर काढायला घेतली. आता दोन शंका. एक, डोकं वाऱ्याकडे वळणारं करावं का, मागे शेपूट लावून? आणि दोन, जोराच्या वाऱ्यात चाकं भरमसाट वेगाने फिरायला लागली तर बघायला पण बरं वाटणार नाही, मला ते सावकाश फिरताना हवंय, म्हणजे नाव वाचता आलं नाही तरी ताट ओळखता यावं.

हलते_देखावे

ताई मी गणपतीत मंडळांचे हलते देखावे करतो, परळ-लालबागच्या बाजूला. आमचं सगळं वायपर मोटर आणि प्लायवूडच्या कॅमवर चालतं, पण तुमच्या दुसऱ्या शंकेवर नक्की सांगू शकतो कारण हलणारी गोष्ट बघणाऱ्याला किती वेगात आवडते हेच आमचं काम आहे. एका फेरीला तीन ते सहा सेकंद, त्याहून वेगात गेलं की माणूस ताट बघत नाही, नुसता चकाकणारा गोल बघतो.

वेग ताटाच्या कलावर ठरतो. ताट चाकाच्या सपाटीत जवळजवळ झोपवलेलं असेल तर टोकाचा वेग वाऱ्याच्या अडीच-तीन पट जातो, विमानाच्या पंख्यासारखा. ४५ डिग्रीला उभं केलं तर टोकाचा वेग वाऱ्याएवढाच राहतो, आणि ६० ला त्याच्यापेक्षाही कमी. तुम्ही ५५-६० ठेवा. मंद वाऱ्यात पण निघेल आणि जोरात पण आवरलेलं राहील. पट्टीला बोल्टच्या भोकाऐवजी खाच ठेवली तर बसवल्यावर कल बदलता येतो.

पुढच्या चाकाला १२ ताटं आणि मागच्याला १०. दोन्हीकडे सारखी लावली तर ती ठराविक क्षणी एकमेकांमागे लपतात आणि सगळं एकदम उघडं पडतं. आकडे वेगळे असले की मधल्या फटींची नक्षी सतत सरकत राहते, उलट दिशेला फिरतात त्यामुळे तर फारच छान दिसतं. दोन्ही आकडे सम आहेत त्यामुळे समोरासमोर वजन जुळवणं पण जमेल.

डोकं वळवायचं म्हणाल तर माझं मत नको. एक बेअरिंग वाढतं, शेपूट वाढतं, आणि तुमच्याकडे वारा दुपारी पश्चिमेकडून आणि पावसाळ्यात नैऋत्येकडूनच येतो, पश्चिमेला तोंड करून पक्कं बसवा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून वारा येईल तेव्हा चाकं उलटी फिरतील, सकाळी एका दिशेला संध्याकाळी दुसऱ्या, मला तर हे फार आवडलं.

मोठं करायच्या आधी सायकलच्या दोन जुन्या रिमवर पोह्याच्या डिश लावून गच्चीत एक छोटं करा. कल, अंतर, आकडे सगळं त्यावर कळतं आणि तुमच्या शाळेतली मुलं पण हात लावू शकतील.

दहिसर_पूर्व

दोन गोष्टी कुणी बोललं नाही. पश्चिमेला तोंड केलेली चकचकीत ताटं संध्याकाळी चार ते सहा समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत लखलखणार. एकदा बरं वाटतं, रोज नाही, आणि मग तक्रार येते. ताटांची पुढची बाजू हिरव्या घासणीने एकाच दिशेने घासून मॅट करा, कोरलेलं नाव तसंच राहतं, उलट जास्त उठून दिसतं. दुसरं, कमिटीचं तोंडी हो पुरत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, इतिवृत्तात नोंदवा, आणि देखभाल कोण करणार, वादळाच्या इशाऱ्याला खांब कोण उतरवणार ते नावानिशी लिहून ठेवा. वॉर्ड ऑफिसला परवानगी लागते का ते पण लेखी विचारून घ्या. आणि कमिटी बदलली की नव्या कमिटीला हे काय आहे ते माहीतच नसतं, म्हणून कुठलं ताट कुणाच्या घरचं याची यादी त्याच फाईलला लावा.

चारकोपची_चित्रकला

ठरलं मग, पश्चिमेला पक्कं, १२ आणि १०, कल बदलता येणारा. घासून बघितलं एका ताटावर, नाव खरंच जास्त छान दिसतंय. आत्तापर्यंत २२ च्या वर ताटं आलीत, त्यामुळे वजनं जुळवायला निवड करता येईल, आणि जी बसणार नाहीत ती खांबाच्या खालच्या भागाला लावायची का असा विचार आहे. फिरणार नाहीत पण कुणाचं परत पाठवायला नको. सायकलच्या रिमचं पुढच्या रविवारी मुलांबरोबर करतेय. पाया कधी ओतावा?

खांब_आणि_तुळई

खालच्या भागाला लावा पण ८ फुटांच्या खाली कडा बाहेर येऊ देऊ नका, मुलं पळतात, आणि खांबाला चिकटून सपाट लावा म्हणजे वाऱ्याला जास्तीचं क्षेत्रफळ मिळणार नाही. पाया मार्चमध्ये ओता. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस द्या, त्यातले पहिले किमान दहा दिवस गोणपाट टाकून सतत ओलं ठेवा, मार्चच्या उन्हात याला पर्याय नाही. एप्रिलच्या शेवटी खांब उभा, मेमध्ये दुपारच्या वाऱ्यावर बॅलन्सिंग आणि कल पक्का, आणि पहिल्या पावसाळ्याच्या आधी एकदा आडवा करून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवीन रबर वॉशर दबतात आणि बोल्ट सैल होतात. खड्डा खणलात की फोटो टाका, पाणी किती खोलीवर लागलं तेही लिहा, त्याप्रमाणे मी आकडे पुन्हा करून देतो.